डोकं टेकव, बाई!

माणसाला साधं आडवं होता येत नाही, हे चौतीस वर्षं व्यायामशाळेत काढल्यावर मी छातीठोकपणे सांगू शकतो. घरी पलंगावर येतं. लग्नात पंगत उठल्यावर सतरंजीवर तर काय झकास येतं. पण बेंच प्रेसच्या बाकावर झोप म्हटलं, की चांगला डबल ग्रॅज्युएट माणूस असा झोपतो, की वाटावं खाली विंचू सोडलाय. पाय एकीकडे, कंबर तिसरीकडे, आणि डोकं? ते कायम वर. अमरावतीच्या राजापेठेतल्या एका गल्लीत आमची व्यायामशाळा. तिथं मी रोज किमान पन्नास वेळा एकच वाक्य ओरडलोय, "अबे, डोकं टेकव!" निवृत्त झालो त्याच आठवड्यात बायको दुपारी टीव्हीसमोर लवंडली होती. तिची मान जरा वर दिसली आणि सवयीनं माझ्या तोंडून तेच निघून गेलं. पुढं काय झालं ते दिवाळीच्या अंकात लिहिण्यासारखं नाही.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नसेल त्यांना आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. फूटभर रुंदीचा एक बाक असतो. डोक्याच्या बाजूला दोन खांब, त्यांवर आडवी लोखंडी दांडी. तिला आम्ही बार म्हणतो. बाराच्या दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेटा. बाकावर उताणं झोपायचं, बार खांबांवरून काढून घ्यायचा, सावकाश छातीला लावायचा आणि परत वर ढकलायचा. झालं! यात कसली आलीय विद्या, असं पहिल्या दिवशी प्रत्येकाला वाटतं. दुसऱ्या दिवशी तो दोन्ही हातांनी चहाचा कप धरतो.

विद्या अशी, की शरीर पाच ठिकाणी टेकलेलं पाहिजे. डोकं, खांदे, ढुंगण आणि दोन तळपाय. (तिसऱ्या जागेसाठी मी सभ्य शब्द शोधून पाहिला. 'नितंब' म्हटलं की अख्खा हॉल हसतो, आणि हसताना बार सुटतो.) खांद्यांची पाती एकमेकांजवळ ओढून घ्यायची, मनगट सरळ, अंगठा बाराला गुंडाळलेला. अंगठा न गुंडाळता धरणारे शहाणे भेटतात, त्यांना मी दाराबाहेर काढायचो, कारण तो बार घसरला तर सरळ बरगड्यांवर येतो. आणि डोकं उशीवर ठेवतो तसं ठेवायचं. दाबायचंही नाही, उचलायचंही नाही. नजर छताला एका जागी. आमच्या छतावर खूण म्हणून मी बायकोची एक मोठी लाल टिकली चिकटवली होती. तिथं ती कशी गेली यावर गल्लीत बरीच चर्चा झाली.

डोकं वर का येतं? कारण बार छातीकडं आला की माणसाला पाहावंसं वाटतं. अरे बाबा, तो तुझ्याच छातीवर येतोय, दुसऱ्याच्या नाही! पण नाही, पाहणार. मान उचलली की खांदे सैल पडतात, छाती बसते, बाराची वाट वाकडी होते आणि ताण मानेवर येतो. दुसऱ्या दिवशी ऑटोवाल्याला "राजकमल चौक" सांगायलासुद्धा सगळं अंग वळवावं लागतं. स्पर्धेत तर आणखी कडक. तीन पंच बसतात, प्रत्येकाच्या हातात पांढरा आणि लाल दिवा. दोन पांढरे लागले तर वजन मान्य. डोकं बाकावरून जरा सुटलं, की लाल. प्रत्येकाला तीन संधी. तिन्ही गेल्या तर कागदावर नावापुढं तीन फुल्या, आणि मग तुम्ही आदल्या दिवशी घरी दोनशे किलो उचलले होते हे कुणी ऐकत नाही.

डोकं उचलण्याची कारणं मी गोळा करत आलोय. एक बँकेतले साहेब यायचे, ते प्रत्येक वेळी आरशात स्वतःचे दंड पाहायला डोकं उचलायचे. आरसा काढला, तर खिडकीच्या काचेत पाहू लागले. सगळ्यांत भारी होते शेषराव काका. साठीचे, संत्र्याची बाग असलेले, माणूस लाख. पण कुणी दारातून आत आलं आणि "राम राम, काका" म्हणालं, की बार छातीवर असला तरी काका डोकं उचलून "राम राम, बाप्पा, राम राम!" म्हणायचेच. एकदा चाळीस किलो पोटावर आलं तेव्हा दोघांनी उचलून काढलं, आणि काकांनी त्या दोघांनाही राम राम घातला. शेवटी मी दारावर पाटी लावली, 'बाकावर झोपलेल्या माणसास राम राम घालू नये.' ती पाटी अजून आहे.

इतकं डोळ्यांसमोर होऊनही मला अक्कल आली नाही, हे पुढं वाचताना ध्यानात ठेवा.

वंदना वलगावची. नवरा संतोष आणि ती, दोघांचा मिळून झेंडू-शेवंतीचा मळा. पहाटे फुलं तोडायची, पोती टेम्पोत घालून अमरावतीच्या मार्केटात आणायची. फुलांची पोती उचलून तिचा खांदा धरला, डॉक्टरांनी हलका व्यायाम सांगितला, म्हणून संतोष तिला माझ्याकडं घेऊन आला. वलगाव माझंही गाव. संतोष गावकीच्या नात्यानं माझा धाकटा भाऊ लागतो. पण व्यायामशाळेत मला सगळे 'सर' म्हणतात. तीही पहिल्या दिवसापासून सरच म्हणाली. नात्याचा विषय तिथंच संपला, असं मला वाटलं.

तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची. पहिले दोन महिने तिनं गुलाबी डंबेल इमानदारीनं उचलले. तिसऱ्या महिन्यात माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, हे गुलाबीवाले लेकरायले द्या. मले तो लंबा उचलाचा हाय."

"तो बार आहे. नुसताच वीस किलोचा असतो."

"मंग? झेंडूचं पोतं काय फुंकरीनं उडते काय?"

मी हसलो, ती नाही हसली. वर्षभरात बाई पंचावन्न किलो उचलू लागली. अंगात ताकद होती, पायांची पकड पक्की, मनगट सुतासारखं सरळ. अशी शिकणारी व्यक्ती दहा वर्षांतून एकदा मिळते. मी घरी जाऊन बायकोला रोज वंदनाच्याच गोष्टी सांगायचो. फक्त एक भानगड होती. बार छातीला लागला, की हिचं डोकं वर. जास्त नाही, चार बोटं. पण पंचाला चार बोटं पुरतात.

मी काय काय केलं विचारू नका. आधी वाटलं, अंबाडा मध्ये येतो. वेणी घालायला लावली. वेणी टोचते असं वाटलं, म्हणून दोन वेण्या. एक्केचाळिसाव्या वर्षी दोन वेण्या घालून टेम्पोतून उतरली, तर मार्केटातले लोक तिला शाळेचं नाव विचारू लागले. मग डोक्याखाली रुमाल ठेवला. श्वास बदलला. वजन कमी केलं, वाढवलं. छतावरची टिकली सरकवली. दर वेळी मी तिच्या पायांशी उभा राहायचो, घसा साफ करायचो, आणि ओरडायचो, "डोकं टेकव, बाई, डोकं!" आणि दर वेळी डोकं वर.

पहिली स्पर्धा अमरावतीलाच. तीन फुल्या. दुसरी यवतमाळला. तीन फुल्या. यवतमाळला माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर, पंच, पोरी, त्यांचे आईबाप, सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "इतक्या मठ्ठ डोक्याची बाई मी जन्मात पाहिली नाही." वंदनानं बार घसरू नये म्हणून लावलेली हातावरची पांढरी भुकटी पुसली आणि टेम्पोत जाऊन बसली. येताना आम्ही आलूबोंडे खायला थांबलो, तर ती खाली उतरली नाही. मला ते आजही आठवलं की लाज वाटते.

आठ दिवस ती आली नाही. आली तेव्हा उभ्या उभ्या बोलली.

"सर, अकोल्याले आनखी एक स्पर्धा हाय म्हनतात. तेवढी करतो. माह्या नावापुढं एकदा तरी आकडा पायजे, फुली नाई. माह्यापायी संतोष एकटाच पहाटे तोडनीले जाते, गावातल्या बाया इचारतात काय मिळवलं, तं मी काय सांगू? दोन कागद हाय माह्यापाशी, दोन्हीवर फुल्या. या खेपेले नाई झालं तं बस. कमरेचा पट्टा खुंटीले."

"होईल," मी म्हणालो. कसं होईल ते मला माहीत नव्हतं.

स्पर्धेला दहा दिवस उरले असताना माझी बायको शोभा व्यायामशाळेत आली. मी घराची किल्ली खिशात घालून आलो होतो, ती घ्यायला. आली ती प्लेटांच्या ढिगावर बसली, म्हणाली, "पाहू तरी तुमची ती वंदना." वंदनानं वाकून नमस्कार केला, बाकावर झोपली. मी पायांशी उभा. खाकरलो. "हं, घे." बार आला, छातीला लागला. मी परत खाकरलो, ओरडायला तोंड उघडलं, आणि डोकं वर!

शोभा हसायला लागली. हसतेय, हसतेय, डोळ्यांतून पाणी. मी चिडलो.

"हसायला काय झालं?"

"तुमी खाकरता कायले?"

"घसा साफ करतो. ओरडायचं असतं."

"अन् घरात सून असली, मोठा मानूस ओसरीवर खाकरला, तं सून काय करते?"

आता हे बाहेरच्या वाचकांना सांगावं लागेल. आमच्याकडं गावात सासरा किंवा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, घरात असाच घुसत नाही. ओसरीवर थांबून खाकरतो. तीच त्याची बेल. आत सून बसली असेल, पडली असेल, तर ती खाकरणं ऐकून लगबगीनं उठते आणि डोक्यावर पदर घेते. शोभानं आमच्या घरात वीस वर्षं घेतलाय. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, चार घरं अलीकडून खाकरायचे.

"संतोष तुमचा भाऊ लागते ना?" शोभा म्हणाली. "तिच्या पायाशी तुमी भासरे उभे राहता, खाकरता, अन् वरून म्हनता, डोकं टेकव! मी तरी टेकवीन काय?"

वंदना बाकावर उठून बसली होती. तिचं तोंड लाल.

"अय माय! खरंच जी? मले तं माहीतच नाई!"

तिलाही माहीत नव्हतं! बाई ट्रॅकपँटमध्ये, अंगात टीशर्ट, पदराचा पत्ता नाही, आणि मान आपली इमानदारीनं पदर घ्यायला उठत होती. शोभानं मला हाताला धरून रस्त्यावर काढलं. दार लावलं. आतून तिचा आवाज, "एक झाली! डोकं खाली! दुसरी! खाली!" तिसऱ्या वेळी मी मुद्दाम दाराबाहेरून खाकरलो. आत शोभा एवढ्यानं ओरडली, की समोरचा सायकलवाला धावत आला.

"आलं वर! आलं वर! तोंडानं सर म्हनते जी, पन मान भासराच म्हनते!"

त्या दिवशी तिघंही पोट धरून हसलो. घरी गेल्यावर मात्र माझं हसू गेलं. दीड वर्ष मी त्या बाईवर ओरडत होतो, आणि रोग मीच होतो. यवतमाळचं वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. मठ्ठ कोण होतं?

असो. रोग कळला म्हणजे औषध सोपं, असं आम्हाला वाटलं. मी खाकरायचं बंद करायचं, बस. करून पाहा! साठ वर्षांचा घसा तुमचं ऐकत नाही. लवंग चघळली, खडीसाखर चघळली, ज्येष्ठमध चघळून चघळून जिभेला चव राहिली नाही. जितकं रोखावं तितकं आतून गुदगुल्या. मग शोभाला कल्पना सुचली, की नातंच बदलून टाकू. वंदनानं झेंडूच्या माळेचा दोरा माझ्या मनगटाला बांधला आणि म्हणाली, "आजपासून तुमी माहे भाऊ." मी डोळे पुसले, शोभानं पेढा दिला. लगेच बाकावर जाऊन प्रयोग. मी खाकरलो. डोकं वर.

"मी तं मानतो जी," वंदना म्हणाली, "पन मानेले थोडीच राखी दिसते?"

शेवटी ठरलं, की अकोल्याला मी शेवटच्या रांगेत, तोंडात लवंग ठेवून गप बसायचं. सूचना शोभा देईल. शोभाला बेंच प्रेसमधलं दहा दिवसांत जेवढं कळलं होतं, तेवढं मला पहिल्या तीन वर्षांत कळलं नव्हतं, असं तीच सांगत होती.

फुलांच्या टेम्पोतून आम्ही निघालो. पुढं संतोषजवळ शोभा आणि वंदना, मागं रिकाम्या पोत्यांवर मी. भासऱ्याला मागंच बसवा म्हणे, आतापासून खाकरणं कानी नको. मूर्तिजापूर येईपर्यंत माझ्या कपड्यांना झेंडूचा असा वास लागला, की चहाच्या टपरीवर एकानं मला हाराचा भाव विचारला.

स्पर्धा अकोल्यात मोर्णा नदीपलीकडं, जुन्या शहरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. पंखे कमी, माणसं जास्त. पहिल्या रांगेत सोफा, सोफ्यावर प्रमुख पाहुणे देवीदासजी. जुन्या शहरातले मोठे कापड दुकानदार, वय अठ्ठ्याहत्तर, पांढरं शुभ्र धोतर, हातात चांदीच्या मुठीची काठी. माझं त्यांच्याकडं तेव्हा लक्षही गेलं नाही.

वंदनाचं नाव पुकारलं. पंचावन्न किलो. ती बाकावर झोपली, शोभा बाजूला उभी, संतोष फोन घेऊन कोपऱ्यात. पंच म्हणाले, "स्टार्ट." बार खाली येऊ लागला. मी शेवटच्या रांगेत, श्वास रोखून. आणि इतक्यात ती लवंग, मेली ती लवंग, उलटी माझ्या घशात गेली. मी खोकलो. तो खोकला होता, खाकरणं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगतो. पण मानेला फरक कुठला कळायला! डोकं वर. तीन लाल दिवे. शोभानं मागं वळून माझ्याकडं असं पाहिलं, की शेजारचे दोघं उठून दुसरीकडं जाऊन बसले.

दुसऱ्या वेळी मी टॉवेलाचा बोळा तोंडात कोंबला. आता घसा काय, जीव गेला तरी आवाज निघणार नव्हता. बार खाली आला. छातीला लागला. थांबला. डोकं बाकाला चिकटलेलं! अख्खा हॉल गप्प. पंचांनी "प्रेस", म्हणजे ढकल, म्हणायला तोंड उघडलं, आणि पहिल्या रांगेतून देवीदासजी खाकरले.

काय ते खाकरणं! आधी एक लहान, मग एक मोठं, मग शेवटी तिढा घालून एक लांब. चार मजली वाड्याला पुरेल असं. मी दीड वर्ष जे करत होतो ते त्याच्यापुढं काहीच नव्हतं. वंदनाचं डोकं चार बोटं नाही, चांगलं वीतभर उठलं. तीन लाल दिवे.

मी पळत पंचांकडं गेलो. सगळं सांगितलं, सासरा, भासरा, पदर, सगळं. मुख्य पंच भला माणूस होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, नियमात खाकरणं नाही. डोकं आहे."

आता एकच संधी उरली होती. मधे बाकीच्या गटांतल्या धरून चार-पाच जणींची पाळी, म्हणजे फार तर सहा-सात मिनिटं. वंदना मागच्या खोलीत खुर्चीवर बसली होती, हातांना भुकटी फासलेली. मला वाटलं, रडत असेल. मला पाहिलं आणि म्हणाली,

"सर, तुमी कमी होते म्हनून सासरे बी घिऊन आले काय?"

मला हसू येईना. दोन्ही तळवे ती मांडीवर दाबून धरत होती. म्हणाली, "एकच राहिली जी आता."

मी तिच्यासमोर खाली बसलो. गुडघा कटकन वाजला.

"वंदना, यवतमाळला मी बोललो ते चुकलं माझं. मठ्ठ तू नव्हती, मी होतो. आधीच सांगायला पाहिजे होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. भासऱ्याकडं असं सरळ कुणी पाहत नाही.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "त्या बुढ्याले बाहेर न्या पहिले. अन् तुमीबी जा."

"मी बोळा कोंबून बसतो की."

"नका बसू. तुमी हाय हे मले समजते. बोळ्यातूनबी समजते."

चौतीस वर्षांतली सगळ्यांत चांगली चेली, तिची शेवटची संधी, आणि गुरूनं बाहेर जायचं! मनात आलं, दाराच्या फटीतून पाहावं. मग म्हटलं, नाही. दीड वर्ष तिनं ऐकलं, एक दिवस आपण ऐकू.

मी पहिल्या रांगेत जाऊन देवीदासजींसमोर वाकलो.

"शेठजी, चहा घ्यायला चलता का?"

"मले शुगर हाय."

"बिनसाखरेचा."

"आता? अरे, त्या फुलवाल्या बाईचा नंबर हाय ना! पाहू द्या. मान उचलते लेकाची, कावून उचलते समजत नाई."

आता खरं सांगण्याशिवाय इलाज नव्हता. मी त्यांच्या कानात सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली.

"अरे बाप्पा! माह्या घरी तीन सुना हाय. मी खाकरलो का तिघीबी उठतात, अन् रोज दूध उतू जाते. बायको म्हने तुमच्याच पायी जाते, मी मानत नवतो!" एकदम ते काठी टेकून उठले आणि तोंडावर उपरणं धरलं. "चाला, चाला लवकर. आलाच घशात!"

हॉलमधल्या लोकांनी पाहिलं ते असं, की प्रमुख पाहुणे आणि अमरावतीचे सर, दोन म्हातारे, तोंडाला कापड लावून खुर्च्यांच्या मधून पळताहेत. संयोजक घाबरून मागं धावले, त्यांना वाटलं जेवणातून काही झालं. शाळेच्या फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून, चहाच्या टपरीपाशी पोचेपर्यंत शेठजींनी दम धरला. आणि मग आम्ही दोघं मनसोक्त खाकरलो. एकदा त्यांनी, एकदा मी. टपरीवाला म्हणाला, "आजोबा, अडुळसा टाकू काय चहात?"

चहा आला. मला पिणं सुचेना. कप हातात, कान शाळेकडं. "सर, तुमी कायले एवढे कापून राहिले?" शेठजी म्हणाले, पण त्यांचाही कप बशीत वाजत होता. शाळेतून लाऊडस्पीकरवर तिचं नाव ऐकू आलं. मग काही नाही. मी मनात मोजू लागलो. आता झोपली. आता हात लावला. आता स्टार्ट. आता बार खाली. आता छातीला. आणि आतून एकदम आरडाओरडा झाला.

पण लोक झालं तरी ओरडतात आणि गेलं तरी ओरडतात! चौतीस वर्षं ऐकलेला आवाज, पण त्या दिवशी मला ओळखू येईना. मी कप तिथंच ठेवून पळालो. शेठजी मागून काठी हवेत धरून, "थांबा ना जी, मलेबी पाहू द्या!"

दारातच शोभा आडवी आली. तिला बोलताच येत नव्हतं. नुसती दोन बोटं, मग तीन बोटं, मग माझी कॉलर धरून मला गदागदा हलवलं. तीन पांढरे दिवे. तिन्ही पांढरे! फळ्यावर वंदनाच्या नावापुढं आधीच्या दोन फुल्या, आणि तिसऱ्या घरात पंचावन्न. तिचा नंबर तिसरा आला. त्या वजनगटात तिघीच होत्या, हे कृपा करून कुणी विचारू नये.

वंदना बाकाशेजारी उभी होती. दोन्ही हात कमरेवर, आणि तोंड असं, की मोर्णेला पूर आला तरी ते हसू वाहून गेलं नसतं. मला पाहिलं आणि तिथूनच ओरडली, "सर, नाई उचललं! बिलकूल नाई उचललं!" मी मान हलवत होतो, नाक पुसत होतो. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की माझ्या हाताखालची सगळ्यांत चांगली लिफ्ट मी पाहिलीच नाही. शोभानं पाहिली, पंचांनी पाहिली, समोसे विकणाऱ्यानं पाहिली. मी नाही.

"संतोष!" मी म्हणालो. "व्हिडिओ! तू काढला ना?"

"काढला ना, दादा! पुरा काढला!"

आम्ही सगळे त्याच्या फोनवर वाकलो. शेठजी चष्मा लावून सगळ्यांत पुढं. संतोषनं बटण दाबलं, आणि फोनमध्ये दिसला संतोष. घाईत गड्यानं कॅमेरा उलटाच लावला होता. बाई नाही, बाक नाही, बार नाही. नुसतं संतोषचं तोंड, हनुवटीकडून, दोन नाकपुड्या आणि कपाळावर घाम.

वंदनानं कपाळाला हात लावला. भुकटीचा पांढरा पंजा कपाळावर उमटला.

"येडा हायेस काय रे? माह्याकडं धराचा होता ना फोन!"

"तुह्याकडंच तं पाहून राहिलो होतो!" संतोष म्हणाला.

तो व्हिडिओ मी मागून घेतला. माझ्या फोनमध्ये आहे. घरी कुणी आलं आणि बेंच प्रेस म्हणजे काय हो, असं विचारलं, की मी तोच लावतो. लोक चक्रावतात. विचारतात, सर, हा कोण माणूस, आणि हा असा दात आवळून रडतोय कशाला? मी म्हणतो, गप बसा, इकडं बघा, आत्ता बार छातीला लागलाय.